रोमचा इतिहास वाचायचा असेल तर आधी शंभर वर्षं निवडा

तुमचा प्रश्न मी समजून घेतला तो असा. रोमवरची एक सिरीज बघून आवड लागली, सीझर, ऑगस्टस, नीरो ही नावं डोक्यात घोळायला लागली, कुणीतरी म्हणालं रोमवर खरा ग्रंथ एकच, गिबन, म्हणून तो मागवला आणि दोन महिने झाले तरी साठाव्या पानापुढे गाडी जात नाहीये. इंग्रजी वाचता येतं पण स्पीड नाही, रोज फार तर पाऊण तास मिळतो. तर चांगली पुस्तकं सांगा, आणि लिव्ही, टॅसिटस वगैरे मूळ लेखक आपल्यासारख्यांनी वाचावेत का तेही सांगा.

मी कॉलेजात प्राचीन जगाचा इतिहास बावीस वर्षं शिकवला, आणि गेली अकरा वर्षं आमच्या घरी दर दुसऱ्या रविवारी एक वाचनगट जमतो, त्यात रोम आतापर्यंत तीन वेळा वाचून झालाय, दर वेळी नवीन माणसं आणि दर वेळी वेगळ्या क्रमाने. त्यामुळे लोक नेमके कुठे अडकतात ते बऱ्यापैकी माहीत झालंय.

पहिली गोष्ट म्हणजे गिबनवर अडकलात यात तुमचं काही चुकलं नाही. एडवर्ड गिबनचे सहा खंड १७७६ ते १७८८ या काळात आले. भाषा अडीचशे वर्षांपूर्वीची, एकेक वाक्य अर्धा परिच्छेद चालणारं, आणि मुख्य म्हणजे त्याची गोष्ट सुरूच होते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आणि जाते थेट १४५३ला कॉन्स्टँटिनोपल पडेपर्यंत. म्हणजे तुम्हाला ज्या सीझरने ओढून आणलं तो त्यात कथेचा भाग म्हणून नाहीच! रोमला हादरवणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल नाही, वक्ता आणि राजकारणी सिसेरो नाही, सीझरने ओलांडलेली इटलीच्या सीमेवरची रुबिकॉन नदी नाही. तुम्ही पिक्चरच्या इंटरव्हलनंतर हॉलमध्ये शिरलात आणि पात्रं ओळखू येईनात, इतकंच झालंय. गिबन मोठाच लेखक आहे, पण तो पाचवं-सहावं पुस्तक म्हणून वाचायचा.

आता खरा प्रॉब्लेम. तुम्ही विचारताय कुठलं पुस्तक, पण माझ्या मते अडचण पुस्तकाची नाही, विषयाच्या लांबीची आहे. परंपरेने रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ची धरतात आणि पश्चिमेकडचा शेवटचा सम्राट इ.स. ४७६मध्ये पायउतार झाला, म्हणजे बाराशे वर्षांहून जास्त, आणि पूर्वेकडचं राज्य धरलं तर बावीसशे. एवढं सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पुस्तकात वाचायला गेलं की हातात उरते ती सम्राटांची यादी, आणि यादी कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून मी गटात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आधी शंभर वर्षं निवडा. त्या शंभर वर्षांवर आजच्या अभ्यासकाचं एक पुस्तक आणि त्या काळाबद्दल लिहिणारा एक जुना लेखक, असे दोघं शेजारी शेजारी ठेवून वाचा. बाकीची अकराशे वर्षं कुठे पळून जात नाहीत.

कुठली शंभर वर्षं हे मात्र तुमच्यावर आहे. कुणाला लढाया आवडतात, कुणाला राजकारण, कुणाला साध्या माणसाचं रोजचं जगणं, आणि कुणाला एकच प्रश्न छळत असतो की एवढं मोठं साम्राज्य पडलं कसं. तुम्ही सीझरमुळे आलाय म्हणून मी धरून चालतो की तुम्हाला गणराज्याचं शेवटचं शतक हवंय, इ.स.पू. १३३ ते २७. आणि मला कुणी काहीच अट न घालता विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

कारण अख्ख्या प्राचीन जगात दुसऱ्या कुठल्या काळाबद्दल इतक्या जवळून आणि इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळत नाही. सीझरने गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, स्वतःच्या मोहिमांबद्दल स्वतः लिहिलंय, स्वतःला 'सीझर' म्हणत, जणू दुसराच कुणीतरी सांगतोय. सॅलस्ट हा सीझरच्याच बाजूचा माणूस, त्याने सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनच्या कटावर छोटंसं पुस्तक लिहिलंय, आणि त्याच कटाबद्दल तो मोडून काढणाऱ्या सिसेरोची भाषणंही आपल्याकडे आहेत. सगळ्यात मोठं म्हणजे सिसेरोची पत्रं, नऊशेहून जास्त, त्यातली चारशेच्या वर त्याच्या जिवलग मित्राला, अ‍ॅटिकसला लिहिलेली. ती छापायची म्हणून लिहिलेली नाहीत. इ.स.पू. ४९मध्ये सीझर रुबिकॉन ओलांडून इटलीत उतरतो तेव्हा हा माणूस एका दिवशी सीझरचा प्रतिस्पर्धी पॉम्पी याच्याबरोबर जायचं म्हणतो, दुसऱ्या दिवशी इथेच थांबायचं म्हणतो, तिसऱ्या दिवशी अ‍ॅटिकसला विचारतो की मी नक्की काय करू. इतिहास घडत असताना पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसतं, हे त्या पत्रांइतकं दुसरीकडे कुठे जाणवत नाही.

त्यातलं एक पत्र मी दर वेळी गटात मोठ्याने वाचतो. इ.स.पू. ४५चा डिसेंबर, सॅटर्नेलियाचा सण, आणि सर्वसत्ताधीश सीझर सिसेरोकडे जेवायला येतो, बरोबर दोन हजार माणसं. सिसेरो मित्राला कळवतो की जेवण छान झालं, गंभीर विषय एकही निघाला नाही, साहित्यावर मात्र भरपूर बोललो, पण "पुन्हा इकडे आलात की या बरं का" असं म्हणावं असा हा पाहुणा नव्हे. तीन महिन्यांनी सीझरचा खून झाला. हे पत्र वाचून झालं की खोलीत मिनिटभर कुणी बोलत नाही. आणि अशी पत्रं असताना आपण सिरीजमधले बनवलेले संवाद ऐकत बसतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यात फरक करायची सवय इतिहास वाचणाऱ्याला असते, बखर रसाळ पण नंतर लिहिलेली, पत्र कोरडं पण त्या दिवसाचं. तीच सवय इथे न्या. लिव्ही बराचसा बखरीसारखा आहे, सिसेरोची पत्रं दप्तरासारखी. म्हणून बखर टाकून द्यायची असं नाही, फक्त हातात काय आहे ते माहीत असलं पाहिजे.

आता पुस्तकांची नावं. या शतकासाठी आधुनिक लेखकांत टॉम हॉलंडचं 'रुबिकॉन' घ्या, २००३चं आहे, कादंबरीसारखं पळतं आणि तुमच्या स्पीडला झेपेल. त्याचा दोष त्याच्या गुणातूनच येतो, गोष्ट थांबू नये म्हणून जिथे पुरावा पातळ आहे तिथेही तो ठामपणे सांगून पुढे जातो. पहिल्या वाचनाला हे चालतं, कारण सुरुवातीला माणसं आणि घटना डोक्यात बसणं महत्त्वाचं. दुसरं मेरी बिअर्डचं 'एसपीक्यूआर', २०१५चं. याबद्दल सावध करतो, कारण सगळे जण पहिलं पुस्तक म्हणून हेच सुचवतात. पुस्तक उत्तम आहे, पण ते सुरू होतं इ.स.पू. ६३ला, मग मागे जातं, आणि इ.स. २१२ला, म्हणजे सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं तिथे, थांबतं. बाईंचा भर "हे आपल्याला कशावरून कळतं" यावर आहे, राजांच्या क्रमावर नाही. ज्याला घटनाक्रम थोडा तरी माहीत आहे त्याला हे पुस्तक वाचताना अतिशय आनंद होतो, ज्याला काहीच माहीत नाही तो मध्येच हरवतो. म्हणून आधी 'रुबिकॉन', मग 'एसपीक्यूआर'. एकट्या सीझरबद्दल सविस्तर हवं असेल तर एड्रियन गोल्ड्सवर्दीने लिहिलेलं चरित्र, जाडजूड आहे पण सरळ, आणि सैन्याबद्दल तर त्याचा हात धरणारे कमीच.

जुन्यांमध्ये पहिला प्लुटार्क. हा ग्रीक, इ.स. १००च्या आसपास लिहिणारा, आणि तो स्वतःच सांगतो की मी इतिहास लिहीत नाहीये, माणसांची चरित्रं लिहितोय, एखाद्या मोठ्या लढाईपेक्षा एखादा शब्द किंवा थट्टाही माणूस जास्त दाखवते. एकेक चरित्र दोन-तीन बैठकीत संपतं, तुमच्या पाऊण तासाला अगदी बरोबर बसतं. पेंग्विनने मारियस, सुल्ला, क्रॅसस, पॉम्पी, सीझर, सिसेरो ही चरित्रं एकत्र काढलीयेत, 'फॉल ऑफ द रोमन रिपब्लिक' नावाने, ते मिळालं तर या शतकाचे मुख्य चेहरे एकाच खंडात येतात.

इथे एक व्यवहाराची गोष्ट, यात लोकांचे पैसे जातात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा प्लुटार्क, लिव्ही किंवा टॅसिटस बघताना आधी अनुवादकाचं नाव आणि अनुवादाचं साल शोधा. कॉपीराइट संपलेले जुने अनुवाद चकचकीत कव्हर घालून परत छापतात, आत प्रस्तावना नाही, टिपा नाहीत, नकाशा नाही, आणि प्लुटार्कच्या बाबतीत तर बऱ्याचदा तो सतराव्या शतकातला ड्रायडनच्या नावाचा अनुवाद असतो. त्या इंग्रजीत वाचलं तर तुम्हाला वाटेल प्लुटार्क कंटाळवाणा आहे, आणि तो अजिबात तसा नाही. आमच्या गटातल्या एकांनी असाच सेट घेतला, वर्षभर कपाटात पडून होता. अनुवादकाचं नाव कुठेच नसेल तर घेऊच नका. फुकटच हवं असेल तर पैसे न घालवता प्रोजेक्ट गुटेनबर्ग, टफ्ट्स युनिव्हर्सिटीचं पर्सियस आणि लॅकसकर्टियस या साइट आहेत. लोएब मालिकेचे जुने खंडही इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात, डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी, ग्रीक असेल तर हिरवं कव्हर, लॅटिन असेल तर लाल.

मूळ लेखक वाचावेत का, तर हो, आणि आधुनिक पुस्तकं संपायची वाट न बघता पहिल्याच महिन्यात. फक्त प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा: हा कोण होता, घटनेनंतर किती वर्षांनी लिहितोय, आणि याचं पोट कुणावर अवलंबून होतं. टॅसिटस स्वतः सिनेटर, कॉन्सल म्हणजे रोमचं सर्वोच्च पद भूषवलेला, सम्राटांच्या दरबारात जगलेला, त्यामुळे सम्राटांबद्दल त्याच्या मनात कडवटपणा आहे. सुइटोनियस सम्राट हेड्रियनचा सेक्रेटरी, राजवाड्यातल्या कागदपत्रांपर्यंत पोचलेला, पण त्याला कुजबुज फार प्रिय, आणि तो चरित्र सालवार सांगत नाही, विषयवार सांगतो, म्हणून आधी घटनाक्रम माहीत नसेल तर गोंधळ होतो.

हे का करायचं ते दोन उदाहरणांनी सांगतो.

नीरो. रोम जळत असताना हा फिडल वाजवत होता असं आपण सगळेच ऐकत आलो. मुळात ते वाद्यच तेव्हा नव्हतं, असेल तर लायर, हातात धरून छेडायचं तंतुवाद्य. पण पुढे बघा. आग इ.स. ६४ची. टॅसिटस तेव्हा लहान मुलगा, लिहितो त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, आणि म्हणतो की आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर अँटियमला होता, परत आल्यावर त्याने बेघर लोकांसाठी स्वतःच्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला, पण तो ट्रॉयच्या नाशावर गात होता अशी अफवा पसरली. टॅसिटस अफवा म्हणतो. सुइटोनियस तीच गोष्ट घडलेली घटना म्हणून सांगतो, रोममधल्या मायसीनसच्या मनोऱ्यावरून आग बघत गायला म्हणून. दोघेही नीरोचे मित्र नव्हेत. दोन्ही उतारे मिळून वीस मिनिटांचं वाचन आहे, पण एकदा शेजारी ठेवून वाचलेत की पुढे कुठलंही पुस्तक, कुठलाही यूट्यूब व्हिडिओ तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी बघाल.

दुसरं उदाहरण कॅनीच्या लढाईचं, इ.स.पू. २१६, हॅनिबलने रोमची सगळ्यात मोठी फौज कापून काढली तो दिवस. पॉलिबियस म्हणतो रोमनांचं पायदळ सत्तर हजार मेलं. लिव्ही म्हणतो पायदळ ४५,५०० आणि घोडदळ २,७००. आता पॉलिबियस काळाने जवळचा, ग्रीक ओलीस म्हणून रोममध्ये आणलेला, स्किपिओ घराण्याशी घरोबा झालेला, आल्प्सची वाट स्वतः जाऊन बघितलेला, इ.स.पू. १४६ला कार्थेज जळताना तिथे हजर असलेला. लिव्ही लढाईनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी घरी बसून लिहिणारा. मग पॉलिबियस बरोबर असणार ना? पण त्याच्या आकड्यांची बेरीज नीट लागत नाही, आणि बऱ्याच आधुनिक अभ्यासकांना लिव्हीचा आकडा जास्त पटतो. म्हणजे जवळचा तो खरा हा नियमही आंधळेपणाने चालत नाही, प्रत्येक वेळी तपासावं लागतं. उलट आल्प्सच्या प्रवासात तोच लिव्ही सांगतो की हॅनिबलने खडक तापवून त्यावर व्हिनेगर ओतून फोडला, आणि पॉलिबियसमध्ये व्हिनेगरचा पत्ता नाही. आमच्या गटात या एका खडकावर दोन रविवार गेले, आणि ते वाया गेले असं मला मुळीच वाटत नाही.

मूळ लेखक वाचताना आणखी एक लक्षात असू द्या, जे हातात आहे ते गळून उरलेलं आहे. लिव्हीचे १४२ भाग होते, त्यातले ३५ उरलेत. टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स'मधला कॅलिग्युलाचा अख्खा काळ हरवलाय, म्हणून कॅलिग्युलाबद्दल आपण जे ऐकतो ते मुख्यतः सुइटोनियस आणि आणखी शंभर वर्षांनी लिहिणाऱ्या कॅसियस डिओकडून येतं. घोड्याला कॉन्सल केलं ही गोष्ट घ्या, सुइटोनियस फक्त एवढंच म्हणतो की त्याचा तसा विचार होता असं सांगतात. टॅसिटसची ती पानं सापडली असती तर कदाचित वेगळाच माणूस दिसला असता.

आता शब्दांबद्दल, कारण आपल्या वाचकांची इथे ठराविक चूक होते. पॅट्रिशियन आणि प्लेबियन हे शब्द आले की आपण लगेच मनात आपली जातव्यवस्था बसवतो, वरचे आणि खालचे. अगदी सुरुवातीच्या काळात तसा ताण होता, पण तुमच्या शतकापर्यंत प्लेबियन म्हणजे गरीब हे समीकरण पार मोडलेलं होतं. क्रॅसस, रोममधला सगळ्यात श्रीमंत म्हणून ज्याचं नाव घेतात तो, प्लेबियन घराण्यातला. पॉम्पी प्लेबियन. क्लोडियस पॅट्रिशियन होता, आणि इ.स.पू. ५९ला तो मुद्दाम प्लेबियन घराण्यात दत्तक गेला, कारण ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांच्या बाजूने उभा राहणारा निवडून आलेला अधिकारी, व्हायचं तर प्लेबियन असणं गरजेचं होतं. तसंच डिक्टेटर हे मुळात सहा महिन्यांपुरतं संकटकाळातलं पद. म्हणून माझा आग्रह असतो की हे शब्द मराठीत आणायच्या भानगडीत पडू नका, ट्रिब्यूनला ट्रिब्यूनच म्हणा, आणि वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पदाचा अर्थ आपल्या शब्दात लिहा. मराठी विश्वकोशात रोमवरच्या नोंदी आहेत त्या अशा वेळी कामाला येतात, बाकी रोमवर सलग आणि ताज्या संशोधनावर आधारलेलं मराठी लेखन माझ्या पाहण्यात फार थोडं आहे, त्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही हे मान्य करून चला.

नावांचंही तेच. स्किपिओ एक नाही, अनेक. ऑक्टेव्हियस, ऑक्टेव्हियन, ऑगस्टस हा एकच माणूस, आणि तो स्वतःला मधली वर्षं सीझर म्हणवून घेत होता. एक ए-थ्री कागद घ्या, त्यावर माणूस, त्याचं लग्न कुणाच्या मुलीशी, तो कुणाच्या बाजूचा, एवढंच लिहीत जा. पॉम्पीची बायको ज्यूलिया ही सीझरची मुलगी होती आणि ती इ.स.पू. ५४मध्ये बाळंतपणात गेली, हे कागदावर डोळ्यासमोर असेल तर पुढचं भांडण अर्धं तिथेच कळतं. आणि स्टॅनफर्डचं 'ऑर्बिस' नावाचं नकाशाचं साधन फुकट आहे, त्यात रोमहून अलेक्झांड्रियाला उन्हाळ्यात बोटीने किती दिवस, हिवाळ्यात किती, असं काढता येतं. बातमी पोचायला किती वेळ लागत होता हे कळल्याशिवाय त्या काळातले निर्णय कळत नाहीत.

तुम्हाला राजकारणापेक्षा दुसरं काही जास्त खेचत असेल तर वाट थोडी बदलेल. लढायांसाठी गोल्ड्सवर्दीचं प्युनिक, म्हणजे रोम आणि कार्थेजमधल्या, युद्धांवरचं पुस्तक आणि सोबत पॉलिबियस, त्याच्या सहाव्या भागात रोमन छावणी कशी आखत ते वाचण्यासारखं आहे. रोजच्या जगण्यासाठी मेरी बिअर्डचं पॉम्पेईवरचं पुस्तक, आणि ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडाला १९७३पासून सापडलेल्या लाकडी पट्ट्या, शाईने लिहिलेल्या, त्यात इ.स. १००च्या सुमाराला एका अधिकाऱ्याची बायको दुसरीला वाढदिवसाला बोलावतेय आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहितेय. आणि धाकट्या प्लिनीची पत्रं तर सोडूच नका. पॉम्पेई शहर राखेखाली गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाची दोन पत्रं सगळे वाचतात, पण मला त्याची सम्राट ट्राजानला लिहिलेली सरकारी पत्रं जास्त आवडतात. आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमिडिया शहराने पाणी आणायच्या कामावर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स (रोमन नाणी) खर्च केले, काम अर्धवट सोडलं, पाडलं, मग दुसऱ्या कामावर आणखी दोन लाख घालवले आणि तेही सोडलं, आता काय करू असं तिथला गव्हर्नर असलेला प्लिनी विचारतोय. आमच्या गटात पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले एक साहेब आहेत, ते तोपर्यंत नुसते ऐकत बसायचे, त्या दिवशी त्यांनी तासभर आम्हाला समजावून सांगितलं की असं काम कुठल्या टप्प्यावर फसतं. त्याच शहरासाठी आग विझवणाऱ्यांचं दीडशे माणसांचं पथक मागितलं तर ट्राजान नाही म्हणतो, कारण माणसं एकत्र आली की त्यांचं राजकीय मंडळ होतं. एका परवानगी नाकारणाऱ्या पत्रात साम्राज्याची भीती दिसते.

साम्राज्य पडलं कसं याचीच ओढ असेल तर एक पुस्तक वाचून थांबू नका, इथे अभ्यासकांतच वाद आहे. पीटर ब्राउनने १९७१ला मांडलं की हे पडणं नव्हे, हे हळूहळू होणारं रूपांतर. २००५ला पीटर हेदरने हूणांच्या रेट्यावर आणि बाहेरून आलेल्या टोळ्यांवर भर दिला, आणि त्याच वर्षी ब्रायन वॉर्ड-पर्किन्सने भांडी, कौलं, गुरांचा आकार असा उत्खननातला पुरावा मांडून दाखवलं की सामान्य माणसाचं राहणीमान खरोखरच कोसळलं. मला स्वतःला वॉर्ड-पर्किन्स जास्त पटतो, छोटं पुस्तक आहे, पण ब्राउन वाचल्याशिवाय तो कुणाशी भांडतोय ते कळणार नाही. आणि हे दोघं वाचून झाले की मग तुमचा गिबन कपाटातून काढा, तेव्हा तो तुम्हाला खरंच आवडेल.

आपल्याकडचा धागाही खरा आहे, आणि तो ओढला की रोम एकदम लांबचा वाटेनासा होतो. 'पेरिप्लस' हे पहिल्या शतकातलं एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याचं छोटं टिपण, एका संध्याकाळी वाचून होतं, त्यात बारिगाझा म्हणजे भरुच, पैठण, तगर म्हणजे आपलं तेर, कल्याण, सोपारा ही नावं येतात. पॉम्पेईच्या राखेत हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, आणि तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती निघाली, ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचं दर्शन झाल्यावर तासभर तिथे काढा. थोरला प्लिनी तक्रार करतो की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ते वाक्य त्या मूर्तीसमोर आठवून बघा.

ऐकायचं असेल तर माइक डंकनचा 'द हिस्टरी ऑफ रोम' हा पॉडकास्ट, २००७ ते २०१२, १७९ भाग, फुकट. ट्रेनमध्ये, स्वयंपाक करताना ऐका, घटनाक्रम आपोआप डोक्यात बसतो. कादंबऱ्या आणि सिरीज बंद करू नका, फक्त त्या काळावरचं एक नीट पुस्तक आधी होऊ द्या.

तुमच्या वेळात बसवायचं तर पहिले तीन आठवडे 'रुबिकॉन', मध्ये मध्ये जो माणूस येईल त्याचं प्लुटार्कमधलं चरित्र, आणि प्रत्येक बैठकीनंतर मराठीत पाच ओळी. इंग्रजीत वाचून मराठीत लिहिलं की आपल्याला काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं, हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की यावर मी अडूनच बसतो. दुसऱ्या महिन्यात सिसेरोची निवडक पत्रं, मग 'एसपीक्यूआर'.

आणि सुरुवात आज रात्रीच करा, प्लुटार्कच्या टायबेरियस ग्रॅकसपासून, ऑनलाइन आहे. इ.स.पू. १३३, हा तरुण ट्रिब्यून सरकारी जमीन गरिबांना वाटायचा कायदा आणतो आणि सिनेटर त्याला भर दिवसा मारतात. तीनशेहून जास्त माणसं मेली, आणि प्लुटार्क मुद्दाम नोंदवतो की सगळी लाकडाने आणि दगडांनी, तलवारीने एकही नाही. त्याने हा कायदा का आणला याची प्लुटार्क एकामागून एक वेगवेगळी कारणं देतो: त्याच्या गुरूंनी चिथावलं, आईने टोमणे मारले, एका प्रतिस्पर्ध्याची बरोबरी करायची होती, आणि भाऊ गायसच्या लेखानुसार, प्रवासात ओसाड पडलेली शेतं आणि त्यात राबणारे परदेशी गुलाम बघून त्याला हे सुचलं. यातलं कुठलं तुम्हाला पटतं आणि का, ते पाच ओळींत लिहा, मग अ‍ॅपियनच्या 'सिव्हिल वॉर्स'चा पहिला भाग उघडा आणि बघा तो काय म्हणतो. त्यानंतर जे प्रश्न पडतील ते इथेच विचारा, मी उत्तर देईन.